चौथा टप्पा

मी, खाली सही करणार, वय चौऱ्याहत्तर, कॉलेजच्या वर्कशॉपमधला निवृत्त वेल्डर, गावभर 'भोंगा' म्हणून ओळखला जाणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. एकदा ते ठिकाणावर नव्हते, त्याचा खुलासा पुढे येईल.

कलम एक. वेल्डिंग मशीन, पकडी, हातोड्या आणि बँकेतली ठेव माझ्या मुलाला द्यावी. मशीनची केबल दोन जागी सोलली आहे. आधी ती बदलावी, मग हुशारी दाखवावी. कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सामन्यांना मी एकतीस वर्षे जो पत्र्याचा डबा बडवला, तोही त्याला हवा आहे. तो मिळणार नाही.

कलम दोन. तो डबा, संघाच्या रंगाचा मफलर आणि 'उत्कृष्ट पाठीराखा' अशी कोरलेली ढाल भंगारात घालावी. ढाल क्रीडाशिक्षकांनी मला स्टेजवर बोलावून दिली. कशाबद्दल दिली तेही लिहितो, कारण बापाने काही पराक्रम गाजवला असे मुलाला अजून वाटते.

माझी लेक, मुलाची थोरली बहीण, दहा वर्षांची असताना मी मागच्या अंगणात भिंतीला लोखंडी रिंग जोडून दिली. रोज सकाळी ती फ्री थ्रो मारायची. चेंडूचे तीन टप्पे, एक श्वास, मग थ्रो. टप्पे मी मोजायचो. "एक, दोन, तीन." सात वर्षे हे चालले. मी मोजले नाही तर म्हणायची, "बाबा, मोजा ना, त्याशिवाय हात उठत नाही."

पुढे तिने दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला आणि तिथल्या संघातून खेळू लागली. आमच्याकडे नर्सिंग नव्हतेच, यात तिचा काय दोष? पण मला वाटले, पोरीने चारचौघांत माझे नाक कापले. वर्कशॉपमधले रोज डिवचायचे, "काय भोंगा, यंदा कोणाच्या बाजूने बोंबलणार?" ते माझ्या डोक्यात गेले.

मुलींचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. शेवटचे काही सेकंद उरले होते, आम्ही एका गुणाने पुढे होतो, आणि तिला दोन फ्री थ्रो मिळाले. ती रेषेवर आली. मी बाकावर चढलो आणि मोजायला लागलो. एक! दोन! तीन! सगळ्या पोरांनी सूर धरला. आणि मग मी ओरडलो, "चार!"

तिने चौथा टप्पा टाकला. सवयीने टाकला, माझ्या आवाजाच्या सवयीने. मग मान वळवून माझ्याकडे पाहिले. थ्रो हुकला. दुसऱ्या वेळी मैदानच "चार" म्हणाले, मला ओरडावेही लागले नाही. तोही हुकला. आम्ही जिंकलो. पोरांनी मला खांद्यावर घेतले, आणि मी, हरामखोर, हसत होतो.

घरी बायकोने ताट वाढले. "जिंकलात ना? जेवा आता," एवढेच म्हणाली. लेकीने एकच विचारले, "बाबा, चार का म्हणालात?" मी म्हटले, "खेळात चालतं गं एवढं." नाही चालत. पुढे ती जाईल त्या मैदानावर लोक तिला "चार" ओरडू लागले. वर्षाच्या आत तिने चेंडू सोडला.

त्याला सव्वीस वर्षे झाली. ती नर्स आहे, दर आठवड्याला येऊन माझा रक्तदाब पाहते, गोळ्या लावून जाते, आणि मी हवापाण्याच्या गप्पा मारतो. एवढा घसा देवाने दिला, पण 'चुकलो' हा एक शब्द त्यातून निघाला नाही. मला लाज वाटते. कागदाआड लपून सांगतो आहे, याचीही वाटते.

कलम तीन. दोन खोल्यांचे हे घर, मागचे अंगण आणि भिंतीवरची रिंग माझ्या लेकीला. रिंगमध्ये सध्या कुंडी टांगली आहे. ही कशाला लावली, असे नातीने विचारले, तेव्हा लेक म्हणाली, "कुंडीसाठीच." मी तिथेच बसलो होतो. कुंडी ठेवायची की काढायची ते तिने ठरवावे. मी गेल्यावर ती अंगणात उभी राहिलीच, तर कोणी टाळी वाजवू नये, नाव घेऊ नये, मोजू नये.

वकीलबाई म्हणाल्या, "काका, उरलेल्या वस्तूंसाठी चौथं कलम लागतंच." मी म्हटले, "बाई, चार मी एकदा म्हणून बसलोय. उरलंसुरलं तिसऱ्यातच घाला." तेव्हा घरातली बाकीची प्रत्येक वस्तूही लेकीची. इथे थांबतो.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: ९ मार्च २०२५.
सही: (भोंगा)

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार पहिला: त्या सामन्याचा पंच, आता निवृत्त. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी वाजवली नाही.

साक्षीदार दुसरा: शेजारचा शिंपी. भिंतीपलीकडून सात वर्षे रोज सकाळी यांची मोजणी ऐकली आहे. तीनच असायचे.