गाडीच्या मापाचा माणूस

भंडारा, खोलीवरून

आदरणीय अंकुशमामाजी यांस,

तुमच्या लाडक्या भाच्याचा सविनय जयभीम. (पत्र वाचून झाल्यावर 'लाडक्या' खोडावं वाटलं, त खोडून टाकजा.) मी बरा आहो, म्हणजे जेवतो अन् झोपतो. मामीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? तुमचे फोन येऊन राहिले अन् मी उचलून नाही राहिलो, ते रेंज नाही म्हणून नव्हे. 'गाडी जयंतीले कधी आणतं?' हेच तुमी विचारान, अन् त्याचं उत्तर मले तोंडानं देता येत नाही. म्हणून लिहून राहिलो.

मामाजी, गाडी नाही येत.

पहिल्यापासून सांगतो. रस्ता सोडून धानाच्या बांध्या-खड्ड्यांतून चालणारी एका माणसाची गाडी कॉलेजच्या पोरापोरींनी बनवायची, अशी ती स्पर्धा. पण आधी ती कॉम्प्युटरमधी बनवा लागते, नटबोल्टासकट, अन् परीक्षकांले पसंत पडली तरच खरे पाईप कापायचे. पाईपांचा सांगाडा माझ्यासंगच्या रीनानं काढला, चाकं अन् शॉकअप भुपेंद्रनं, अन् सीट, स्टेरिंग अन् चालवणारा (तोही कॉम्प्युटरमधलाच) माणूस माझ्याकडं. आता आमच्या लॅबचा कॉम्प्युटर असा, का पुरी गाडी एकसाथ उघडली त तो जागच्या जागी बंद पडते. मंग आमी आपापला तुकडाच पाहत गेलो. (लग्नात नवरदेवाची शेरवानी एकानं आणावी, बूट दुसऱ्यानं अन् नवरदेव तिसऱ्यानं, तशातली गत.)

शेवटी एकदाची जोडली, त माणसाचं डोकं वरच्या पाईपातून आरपार. सांगाडा वाढवायचा म्हणजे रीनाले सारं काम पहिल्यापासून करा लागे, अन् ती तशीच रडकुंडीले आलती. भुपेंद्र म्हणे, माणूस तुझा आहे, तूच पाह. मी पाह्यलं. माणसाले लहान केलं. डोकं सुटलं त गुडघे अडकले, म्हणून आणखी लहान केलं. मस्त बसला बाप्पा. कॉम्प्युटरनं बी हूं का चूं केलं नाही. मंग गाडीले लाल रंग दिला, मांगं आपल्या अड्याळच्या तलावाच्या पाळीचा फोटो लावला, अन् खुशीच्या भरात गाडीचा तो फोटो तुमाले पाठवला.

तुमाले वाटलं गाडी तयार झाली. (तुमचा काय दोष, मलेही पाहून तसंच वाटे.) तुमी स्टेटसले ठेवला, जयंती समितीत ठरवून बी टाकलं, का यंदा मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो जीवनच्या गाडीवर. अन् मी बी हाव म्हटलं, काहून का पास होऊच असा भरोसा होता.

परीक्षकांनी मॉडेल उघडून माणसाचं माप घेतलं अन् शांतपणे विचारलं, ही गाडी अंगणवाडीसाठी आहे का. रागावले असते त बरं झालं असतं. आमी नापास. आणून ठेवलेल्या पाईपांचं कॉलेजनं सायकल स्टँड केलं, येताजाता दिसते. मले लय वाईट वाटते मामाजी. रीना आमच्याशी बोलत नाही, अन् तिचं बरोबरच आहे.

समितीले सांगून नेहमीचा ट्रॅक्टर काढजा. माझ्यापायी चारचौघांत तुमची मान खाली जाईन, त्याची माफी मागतो. घरी सगळ्यांले जयभीम.

तुमचा,
जीवन

ता. क. – समितीले मी फोनवरही सांगितलं असतं. खरं काम दुसरंच आहे. आई. तुमच्यापासून दोन घरं सोडून राहते, पण रोज मले फोन करते अन् विचारते, गाडीवर कोणता सदरा घालशीन. पांढरा शिवून बी ठेवला म्हणे. तिचा फोन मी उचलतो अन् हाव म्हणतो. तिले सांगायची माझी हिंमत नाही. तुमी सांगजा.

आणखी ता. क. – पण गाडी नव्हतीच, असं नोका सांगू. बिघडली म्हणजा. दुरुस्त कधी होईन असं तिनं विचारलं, त पुढच्या जयंतीपर्यंत म्हणजा.