हरप्रसादच्या हातातलं कार्ड

प्रेम नगर, झाशी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. दुर्गा,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. नागपूरला थंडी सरली असेल. इथे सकाळी अजून स्वेटर लागतो. तुझ्या वहिनीचा खोकला बरा आहे. माझा गुडघा कुरकुर करत चालतो. सदर बाजारातल्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली आहे, तिनं नुसती झोप येते. म्हणजे यायची. आता तीही येत नाही.

झाली खुशाली. आता मुद्द्याचं. तू ती क्लिप पाहिलीस आणि "हा माझा मुलगा नाही" म्हणून फोन ठेवलास. बावीस सेकंदांची क्लिप. आपला देवेंद्र खाली पडलेल्या माणसाच्या बरगड्यांत लाथा घालतोय. ती तुझ्यापर्यंत कुणी पोचवली देव जाणे. तिच्या आधी काय झालं ते तिच्यात नाही, ते मी सांगतो. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

मेलेल्या माणसाचं नाव हरप्रसाद कुशवाहा. बरुआसागरच्या पलीकडच्या खेड्यातला, साठीचा. मुलीच्या लग्नाची कार्डं वाटायला निघाला होता.

त्याच्या आदल्या दिवशी मोबाईलवर पोलिसांची सूचना आली होती, लांबलचक. गल्लीचा ग्रुप मीच चालवतो. रिटायर झाल्यापासून तेवढीच काय ती माझी गार्डगिरी. वरच्या तीन-चार ओळी वाचल्या: मुलं पळवणारी टोळी, थैलीत मिठाई, पत्ता विचारायचं निमित्त. खाली 'और पढ़ें' होतं. ते दाबलं नाही. 'सब लोग ध्यान दें' असं लिहून पाठवून दिलं. गल्लीतल्या सगळ्यांनी अंगठे दाखवले. त्यांनीही दाबलं नसणार.

खाली काय होतं, ते मी तो माणूस मेल्यावर वाचलं. 'उपरोक्त संदेश पूरी तरह झूठा है. किसी के साथ मारपीट न करें.' पोलीस अफवा खोटी आहे हेच सांगत होते गं! मी अफवा तेवढी उचलली आणि गल्लीभर वाटली.

एकतीस वर्षं गाडीचा गार्ड होतो. गाडी सुटण्याआधी कागद यायचा, कुठे रूळ कच्चा आहे, कुठे वेग कमी करायचा. शेवटची ओळ वाचल्याशिवाय मी कधी सही केली नाही. ड्रायव्हर वैतागायचे, "दादा, पूरी पोथी बाँचोगे क्या?" तोच मी. आता पेपरातली बातमी हातात घेतली तरी डोळे आपोआप खाली घसरतात. पाच-सहा वर्षांत या फोननं माझं वाचणं खाल्लं आणि मला पत्तासुद्धा लागला नाही.

सहा तारखेला दुपारी चारला मी दारात उभा होतो. शेजारच्या शिल्पाची मुलगी आमच्या ओट्यावर खेळत होती. तो आला, खांद्याला थैली. तिला काहीतरी विचारलं आणि एक लाडू काढून तिच्या हातावर ठेवला. माझं डोकंच फिरलं. "ए! क्या दे रहा है बच्ची को?" तो दचकला, मग ओशाळं हसला. पिवळं कार्ड पुढे करून म्हणाला, "भैया, तनक बाँच दो. ई पे नाम लिखो है. हमें पढ़बो नईं आउत."

त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तो मला वाचायला सांगत होता. मी काठी उचलली.

पहिली काठी माझी, दुर्गा. कानामागे बसली. हाडाचा आवाज मी ऐकला. तो ओट्याला टेकला, बोटांमधून रक्त गळायला लागलं, आणि दुसऱ्या हातानं कार्ड तसंच पुढे धरलेलं. मी दुसरी मनगटावर घातली. मग ओरडलो, "बच्चा चोर!" पाच मिनिटांत गल्ली भरली. विटा, चपला, सायकलची चेन. कुणी त्याचे केस धरून डोकं विजेच्या खांबावर आपटत होतं. त्याचे दात रस्त्यावर पडले होते. आणि मला बरं वाटत होतं. अंगात तरुणपणीचा जोर आला होता.

तेवढ्यात देवेंद्र रेल्वे वर्कशॉपच्या ड्यूटीवरून घरी आला. तुझी क्लिप तिथून सुरू होते.

तिसऱ्या दिवशी हरप्रसाद गेला. डॉक्टरांनी लिहिलं, कानामागच्या घावानं मृत्यू. क्लिपमध्ये चेहरा देवेंद्रचा स्वच्छ दिसतो, म्हणून पोलिसांनी तो घावही त्याच्याच नावावर घातला. शेजारी गप्प आहेत. प्रत्येकाचा हात त्यात आहे, बोलणार कोण?

मी तुरुंगात भेटायला गेलो. तो म्हणाला, "मामा, मैंने तो मेसेज पढ़ा ही नहीं था. तुम्हाला काठी मारताना पाहिलं. मामा मारतायत म्हणजे खरंच असणार, असं वाटलं." मग हळूच म्हणाला, "मामी एकटी आहे. आप घर जाइए. आपका नाम मैंने नहीं लिया."

आणि मी घरी आलो. जेवलो. पुन्हा गेलो, पुन्हा तसाच परत आलो. काठी तुझ्या वहिनीनं, स्नेहलतानं, त्याच संध्याकाळी नळाखाली घासून धुतली होती. तेव्हापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नाही.

परवा माझ्याबरोबर रिटायर झालेले भीमराव म्हणाले, "इंटरनेटनं लोकांची डोकी नासवली." मी मान डोलावली, फार हलकं वाटलं. घरी येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. डोकं नासलं हे खरं. पण कार्ड हातात घ्यायला कितीसा वेळ लागला असता? फोन भिंतीवर आपटावासा वाटतो, पण तो मेसेज त्यात आहे, तो दाखवायला हवा.

पोलीस ठाण्यात कार्डाचा फोटो पाहायला मिळाला. रक्तानं अर्धं माखलेलं. नाव वाचता येतं: 'श्री देवेंद्र जी, सपरिवार.' हरप्रसादचा थोरला मुलगा वर्कशॉपमध्ये देवेंद्रबरोबर कामाला आहे. म्हातारा आपल्याच घरी आला होता.

लाथा देवेंद्रनं घातल्या, त्यांची शिक्षा त्याला होईल. खून त्याचा नाही. हे पत्र आधी टपालपेटीत टाकतो, म्हणजे परत फिरता येणार नाही. तिथून काठी आणि फोन घेऊन सरळ ठाण्यात.

तू झाशीला ये आणि आधी त्याला भेट. कार्ड कुणाच्या नावाचं होतं, हे त्याला अजून ठाऊक नाही. तू सांगू नकोस. ते मी सांगेन, आत गेल्यावर.

पहिली काठी मारणारा,
जनार्दन