फियाटचा भाव

वर्षा,

मी घाटंजीच्या बजारात चाललो. तू झोपली होती, म्हणून उठवलं नाही. दहा वाजता वणीचं गिऱ्हाईक फियाट न्याले येईन, तवा मले तिथं उभं राहनं जमनार नाही. चाबी अन कागदं तुह्या मायच्या फोटोमागं आहे.

सीटखालून सरकी निघन, त्याले आधीच सांगजो. वीस वर्षं गाडी गोठ्यात उभीच होती, वेचलेला कापूस मी तिच्यावरच टाकत होतो. म्हणूनच रंग टिकला.

काल तू चिडली, का ‘कोणी हो म्हटलं का बाबा, तुमी भाव काहून वाढवता?’ आता सांगतो. गाडी पाहाले येनारा मानूस घंटाभर बसते, चहा पेते, पोराबाळायचं सांगते. भाव जमला नाही का पुन्हा येते. तू फोनवर पाच मिनिटात सौदा केला. बरं केलं, तुले सुट्टी कुठं आहे.

मी सांजच्या बसनं येईन. तवरी तू नागपूरले निघाली असशीन, त भाकर झाकून ठेवजो.

अन फाटकावर ‘गाडी विकणे आहे’ अशी पाटी आहे, ते काढू नको. राहू देजो.

बाबा