सोमवारची टाकी, शुक्रवारची फेरी

दि. ३ मार्च

चि. पाना हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. फोन करत जा म्हणतेस. फोन वाजला की तुझा बाप टीव्हीचा आवाज बंद करून कान लावून बसतो, त्यापेक्षा कागद बरा. दोन इयत्ता शिकले, त्या कुठेतरी कामाला येऊ देत.

तुझ्या बापाने शब्द नेमका काय दिला होता ते विचारलंस. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या कोणी पलटायला नको. शिक्षिकेचा कोर्स अर्धा टाकून तू गॅरेजात गेलीस, तेव्हापासून तो तुझ्याशी सरळ बोललेला नाही. मागच्या महिन्यात तू घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकू का म्हणून फोनवर विचारलंस. चार शेजारी बसलेले बघून तो हसला आणि म्हणाला, आपली प्रवाशांची गाडी सोमवारी टाकी भरली की गुरुवारी संध्याकाळी पंपावर उभी असते. तीच टाकी ज्या आठवड्यात शुक्रवारची शेवटची फेरी पार करेल, त्या आठवड्यात शेड तिची. वर मी स्वतः तिला मिस्त्री म्हणून हाक मारीन. मी तिथेच लसूण सोलत होते. माझे दात गेलेत, कान नाही.

गाडी तुझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण गाड्यांचं वय वेगळं धावतं, ती आता माझ्या बरोबरीची झाली. म्हातारीची तहान कमी करायची म्हणजे खेळ नाही. काय करायचं ते कर, पण त्याच्या हाती चूक देऊ नकोस. तो चूकच हुडकत बसलाय.

गुडघा होता तिथेच आहे. आजीला विसरण्याइतकी फुरसत तुला न मिळो.

तुझी आजी

*

दि. १४ मार्च

ती. आजीस नातीचा सा. न. वि. वि.

उपाय सापडला. आपल्या गाडीची पुढची पिढी निघाली तेव्हा कंपनीने इंजिन तेच ठेवलं, फक्त त्याचा कॉम्प्युटर बदलला. शाळेच्या पाटीएवढा पत्र्याचा डबा असतो. इंजिनात पेट्रोल किती आणि कधी सोडायचं ते तो ठरवतो. आपला जुना डबा हात सैल सोडून वाढणारा आहे, नवा मोजून वाढतो. आमच्याकडे ठोकर लागलेली पुढच्या पिढीची गाडी भंगारात आली, तिचा डबा मालकांनी मला दिला. तारा जोडायचं सॉकेटही तेच बसतं. शेजारच्या सीटच्या पायाशी, मॅटखाली, दहा नंबरचे चार बोल्ट. बस.

एकच खोड आहे. नव्या गाडीत एक जास्तीचा भाग असतो, तो आपल्या गाडीत नाही. डबा तो शोधत राहतो आणि सापडत नाही म्हणून समोरचा पिवळा दिवा कायम पेटता ठेवतो. त्याने काही बिघडत नाही. मी त्यावर काळी पट्टी चिकटवीन. बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर दिवा बघून म्हणतील, बघा, जाळली गाडी.

पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. ते बोलले नाहीत तरी चालेल. तू बोल म्हणजे झालं.

तुझी, बडबड ऐकायला आसुसलेली,
नात

*

दि. ६ एप्रिल

चि. पाना हिस आशीर्वाद.

ऐक. दोन शुक्रवार पार पडले. पहिल्या शुक्रवारी रात्री दारात गाडी लागली तेव्हा काटा अजून तळाला टेकला नव्हता. पंपावरचा माणूस घरी विचारून गेला, साहेब आजारी आहेत का, गुरुवारी दिसले नाहीत.

तुझ्या बापाला विचारलं, कसं काय. म्हणाला, मी हल्ली पाय हलका ठेवतो. वीस वर्षं पाय काय जड होता का, असं विचारलं तर जेवणावरून उठला. आजच शेजाऱ्यांसमोर त्याला शब्दाची आठवण दिली. म्हणाला, तीन शुक्रवार होऊ देत. आधी एक होता, आता तीन झाले. असो, तिसराही येईल.

तू त्या रविवारी उताणी पडून काम करत होतीस तेव्हा तो खिडकीतून बघत होता. बोल्ट काढताना तुझा हात कुठे जातो तेच बघत होता. तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पोटाला वेळेवर खा आणि म्हातारीवर असाच जीव असू दे.

तुझी आजी

*

दि. १२ एप्रिल

ती. आजीस सा. न. वि. वि.

तिसरा शुक्रवार धरून चालते. मालकांना सांगितलं, महिनाअखेर निघते. ते म्हणाले, जा, पण पाना हातातला सोडू नकोस. माझ्या जागेवर दुसरी मुलगी ठरलीसुद्धा. खोलीही सोडते आहे. शेडची लांबी पावलांनी मोजून कळव, तुझी पावलं मला ठाऊक आहेत.

आशीर्वाद थोडे जास्त पाठव, लागणार आहेत.

तुझी नात

*

दि. २९ एप्रिल

चि. पाना हिस आशीर्वाद.

शेड चौदा पावलं आहे. आता मोजून उपयोग नाही.

तिसरा शुक्रवार आला नाही. गाडी गुरुवारीच पंपावर गेली, पुढच्या आठवड्यातही गुरुवारीच. तुझा बाप गल्लीभर सांगत फिरला, भंगारातला डबा भंगारच निघाला. शेड त्याने टायरवाल्याला भाड्याने दिली. दहा तारखेला तो सामान आणतोय.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले तेव्हा पुढच्या सीटवर बसले होते. तू चिकटवलेली काळी पट्टी कोणीतरी काढलीय. दिवा पेटलेला नव्हता. मोतीबिंदू आहे मला, पण पिवळा दिवा पेटलाय की विझलाय एवढं दिसतं.

जास्त लिहीत नाही. तू इंजिन वाचतेस, हेही वाचशील.

आजी

*

दि. ५ मे

ती. आजीस नमस्कार.

वाचलं. माझा डबा गाडीत असता तर दिवा पेटलाच असता. विझलाय म्हणजे आत जुना डबा आहे. तो आपोआप चालत गेलेला नाही.

नोकरी गेली, मालकांकडे परत तोंड घेऊन जायची लाज वाटते. मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर झोपते. त्याचं दुःख नाही. बाबांनी मला नापास केलं असतं तरी मी सोसलं असतं. पण मी पास झाले हे बघून त्यांनी पेपर फाडला.

तुला एकच विचारते. तू कधीपासून जाणतेस?

नात

*

दि. २० मे

चि. पाना हिस.

खरं सांगते. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी दुपारी मी त्याला बघितलं. सीटखाली डोकं घालून पडला होता. म्हणजे तू खोली सोडलीस तेव्हा मला ठाऊक होतं. गप्प बसले, कारण मी त्याच्या घरात जेवते. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. दिव्याचं लिहिलं तेवढीच माझी हिंमत, तीही उशिरा.

आता पुढचं ऐक. दहा तारखेला टायरवाल्याने शेडला कुलूप लावलं. अकराला काळी पट्टी परत दिव्यावर बसली. पंधराचा शुक्रवार गाडीने आरामात पार केला. तुझा बाप शेजाऱ्यांना सांगतो, टायरवाला हवा बरोबर भरतो म्हणून गाडी पळते.

तुझा लहानपणचा दहा नंबरचा पाना माझ्या पेटीत होता, जो धरून तू झोपायचीस आणि ज्यावरून तुझं नाव पडलं. काल आणि परवा, तो दुपारी घोरत असताना, मी दोन-दोन बोल्ट काढले. बोटं सोलली. तुझा डबा काढला. जुना त्याच्या कपाटात कपड्यांखाली होता, तोही घेतला. दोन्ही त्याच्याच शर्टात गुंडाळून या पत्राबरोबर पाठवते आहे.

आज सकाळी चार प्रवासी बसले आणि गाडी चालू झाली नाही. ते उतरून दुसऱ्या गाडीने गेले. त्याने मॅटखाली हात घातला, रिकामी जागा चाचपली, मग माझ्याकडे बघितलं. मी लसूण सोलत होते. डबा कुठे गेला असं काही त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणता, हे त्यालाच सांगावं लागलं असतं. मीच म्हणाले, मिस्त्रीकडे आहे. कोण मिस्त्री, हेही त्याने विचारलं नाही.

गाडी उभी राहिली तर माझं ताटही उभं राहतं, हे मला कळतं. आला तुझ्या दारात, तर ठरलेली हाक ऐकल्याशिवाय कडी काढू नकोस. पण वाट बघू नकोस. तो गाडी भंगारात घालेल, येणार नाही. माझ्या पोटचा आहे, ओळखते. तू मालकांकडे परत जा. लाज गिळता येते, मी आयुष्यभर तेच जेवले.

माझ्यावर लोभ ठेव अगर ठेवू नकोस. पार्सलची पोच मात्र दे.

आजी