मागच्या चाकाला कारचा टायर

९ जानेवारी

मागच्या टायरचा पार गोटा झालाय. टायरवाल्यानं खाली बसून बोट फिरवलं आणि दाखवलं – मधल्या पट्ट्यात आतले धागे दिसतात! ह्याच्यावर घाट चढता तुम्ही, म्हणाला. चढते. दर मंगळवारी चढते, न चढून सांगते कुणाला.

त्याचं म्हणणं, मोटारसायकलचा टायर एकट्या मोटारसायकलसाठी बनवलेला असतो. शेजारी साइडकारचा डबा जोडला, डब्यात माणूस बसवला, की गाडी वळणावर झुकत नाही आणि सगळी झीज त्या एकाच पट्ट्यावर येते. शिवाय गाडी जुनी, ह्या मापाचा टायर आता कुणी ठेवत नाही. त्यानं माझ्यासमोर तीन दुकानांत फोन लावले. दोघांनी नाही म्हटलं, तिसरा हसला.

घरी आल्यावर धाकट्यानं विचारलं, इतका वेळ कुठे होतीस? म्हटलं, हवा भरत होते. भावाशी खोटं बोलताना हल्ली माझी जीभसुद्धा अडखळत नाही.

१० जानेवारी

पडदे शिवायला घेतले आणि दोन पडदे उलटे शिवून बसले. उसवण्यात सगळी सकाळ गेली. गिऱ्हाईक दारात येऊन गेलं, त्याला गोड हसून परत पाठवलं.

डोक्यात एकच – धाकट्याची टाच. अपघातापासून पायांना काही कळत नाही त्याच्या. चाकाच्या खुर्चीची पट्टी घासत राहिली, त्याला पत्ता नाही. मला मोजे धुताना रक्त दिसलं. तेव्हापासून दर मंगळवारी घाटापलीकडच्या दवाखान्यात नेऊन जखम साफ करून घ्यावी लागते. पूल खचल्यापासून बस बंद. मोठी गाडी पुलावर सोडत नाहीत, फक्त दुचाकी, तिचाकी. म्हणजे त्याची मोटारसायकल, तिला जोडलेला डबा, आणि चालवायला मी! धड सायकल येत नव्हती मला. चाळिशी उलटल्यावर मागच्या मैदानात मोटारसायकल शिकले, अख्खी गल्ली गच्चीवर उभी राहून बघत होती.

१३ जानेवारी

जाऊन आलो. कसे, ते विचारू नये.

उतारावर मागचं चाक सटकलं. फार नाही, हातभर. पण तो हातभर दरीच्या बाजूचा होता. धाकटा डब्यात बसलेला, चटकन म्हणाला, टायर बघून घे ताई. मी म्हटलं, वाळू होती. गाडीतलं त्याला न कळण्यासारखं काय आहे? तेवढंच तर कळतं त्याला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जखम हाडाजवळ पोचलीय, एकही मंगळवार चुकवू नका, नाहीतर पाय ठेवता येणार नाही. हे डॉक्टर मला नेहमी बाजूलाच घेतात. मला त्या बाजूची आता भीती वाटते.

१४ जानेवारी

भाजीत मीठ दोनदा पडलं. तो मुकाट्यानं जेवला.

१५ जानेवारी

टायरवाल्याला उपाय सापडला. कारचा टायर! छोट्या कारचा, ह्याच मापाच्या रिमचा. रुंद, तळ सपाट, वर्षानुवर्षं झिजायचा नाही. डब्याच्या गाडीला बरेच लोक घालतात म्हणे, गाडी झुकायचीच नसते तर गोल टायर हवा कशाला. मला इतका आनंद झाला की दुकानातच खुर्चीवर बसले. मंगळवार सुटला!

मग तो पाना पुसत म्हणाला, "पण ताई, वस्तादला सांगितलंय ना तुम्ही?"

वस्ताद म्हणजे आमचा धाकटा. गाडी चालवण्यात त्याचा हात धरणारं इथे कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला वस्तादच म्हणतात.

काय सांगायचं, विचारलं. तर म्हणाला, एकदा कारचा टायर चढवला की डबा काढून गाडी चालवता येत नाही. सपाट टायरवर गाडी वळणात झुकत नाही, कडेवर उभी राहते आणि माणसाला फेकून देते. डबा मग कायमचा.

कायमचा. हा शब्द मी घरात सप्टेंबरपासून येऊ दिलेला नाही.

डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं मला, तसंच बाजूला घेऊन. पाय परत येणार नाहीत. आणि मी घरी येऊन म्हटलं, वेळ लागेल म्हणाले. तेव्हापासून तो "डबा सोडवल्यावर" अशीच वाक्यं बोलतो. डबा सोडवल्यावर रंग काढू. डबा सोडवल्यावर तुला समुद्रावर नेतो. चार तर बोल्ट आहेत ताई, अर्ध्या तासाचं काम.

त्याला खोटं मी हजार तऱ्हांनी सांगू शकते. पण मागच्या चाकाला कारचा टायर बघितला की त्याला सांगायला काही उरतच नाही.

१७ जानेवारी

आज सांगायचंच असं ठरवून चहा घेऊन गेले. तो खुर्ची खिडकीशी लावून बसला होता, मांडीवर आरसा घेऊन. गाडीचा आरसा. घासून लख्ख केलेला. म्हणाला, बघ, डबा लावल्यापासून तू हा आरसा कधी पुसलाच नाहीस.

मी म्हटलं, हो रे, राहिलंच.

चहा देऊन परत आले. भेकड! भेकड! भेकड!

१८ जानेवारी

चढवला.

चाक पंक्चर आहे असं घरी सांगितलं आणि चाक तेवढं दुकानात नेलं. टायरवाल्यानं जुना टायर काढला, तो पापडासारखा दुमडला. रिम घासली, नव्या टायरच्या कडांना साबणाचं पाणी लावलं, लोखंडी पट्ट्यांनी एकेक बाजू रिमेत ढकलली. घामाघूम झाला. मग हवा. एक कड बसली, दुसरी बसेना. अजून हवा. त्यानं मला मागे व्हायला सांगितलं, स्वतःही भिंतीआड झाला. आणि धाड! मला वाटलं फुटला. फुटला असता तर बरं, असंही क्षणभर वाटलं, काय लपवू ह्या कागदापासून. पण कड बसल्याचा आवाज होता तो. टायर रिमेवर असा घट्ट बसला की जणू जन्मापासून तिथेच होता.

घरी नेताना चाकाला पडद्याचं कापड गुंडाळलं. टायरवाल्यानंच येऊन शेडमध्ये गुपचूप बसवलं. चेनकव्हरला घासत होता, म्हणून त्यानं कव्हराची कड कापून टाकली. जाताना म्हणाला, लपवून किती लपवाल ताई, हे काय दागिना आहे?

१९ जानेवारी

त्यानं बघितला.

मी मशीनवर होते. आरसा बसवायला म्हणून तो खुर्ची ढकलत शेडमध्ये गेला. मला उशिरा कळलं. धावत गेले तर चाकासमोर थांबला होता. हात टायरच्या सपाट तळावर.

"कुणी घातला?"

"मी."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

सांगितलं. शब्द न बदलता सांगितलं. केव्हा म्हणाले, त्यानं विचारलं. सप्टेंबरात, मी म्हटलं. तो ओरडला असता, आरसा फोडला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी पायाशी बसले असते त्याच्या. त्यानं आरसा माझ्या हातात दिला आणि खुर्ची वळवली.

२० जानेवारी

मंगळवार. तो आला नाही. दार आतून लावून घेतलं. मी बाहेरून सगळं करून पाहिलं – रागावून, रडून, शेवटी अगदी लाज सोडून हात जोडून, बंद दाराला! पाय कापावा लागेल रे, म्हटलं.

आतून म्हणाला, "कापू दे. वापरतोय कुठे मी."

२१ जानेवारी

जेवला नाही.

२३ जानेवारी

थोडा भात. माझ्याकडे बघत नाही. ताई म्हणून हाक नाही. काही हवं असलं तर खुर्चीवर बोटं वाजवतो, मी नोकरासारखी धावते आणि त्यातही मला बरं वाटतं.

कुणासाठी लपवलं मी? त्याच्यासाठी, असं म्हणत आले. खरं तर त्या "डबा सोडवल्यावर" मध्ये मीही राहत होते. समुद्र बघायचा होता मलाही.

२६ जानेवारी

अंग तापलंय त्याचं. पट्टी सोडली तर वास येतोय. मी भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. देवा, पाय नको म्हणणाऱ्याचा पाय मी कसा वाचवू?

२७ जानेवारी

टायरवाला सकाळीच आला, मी बोलावलं होतं. त्यानं वस्तादला काही विचारलं नाही, उचललं आणि डब्यात बसवलं. धाकट्यानं विरोध केला नाही. तापानं मऊ झाला होता.

निघालो, आणि गाडी माझं ऐकेना. सारखी डब्यापासून लांब पळते, समोरून येणाऱ्यांच्या अंगावर! हँडल धरून धरून खांदे भरून आले. टायर बदलल्यानं काहीतरी बिघडलं होतं, पण काय ते मला कुठून कळणार. कळणारा माणूस शेजारी डब्यात बसलेला, आणि तो आठवडाभर माझ्याशी बोललेला नाही. एक टेम्पो घासून गेला. शिवी देऊन गेला. मी रडत चालवत होते. अजून एक वळण, आणि मी सरळ कठड्याकडे चालले होते.

"थांब," तो म्हणाला.

थांबले.

"नवा टायर बुटका आहे. गाडी मागून खाली बसलीय, म्हणून बाहेर कललीय. डब्याची वरची दांडी आहे ना, तिचा नट सोड. दोन फेरे आत घे."

पाना काढला. नट हलेना. सगळा भार टाक, म्हणाला. टाकला. दोन फेरे आत घेतले. त्यानं डब्यातून वाकून गाडीकडे एक डोळा मिटून बघितलं आणि अजून अर्धा फेरा सांगितला. मग गाडी सुतासारखी सरळ गेली.

हाड वाचलंय. थोडक्यात, म्हणाले डॉक्टर. आणि ह्या वेळी त्याच्यासमोर म्हणाले, मीच सांगितलं तसं.

३० जानेवारी

ताप उतरला. पण आता नवीनच. आज त्यानं टायरवाल्याला बोलावून घेतलं, दोघं शेडमध्ये गेले, दार बंद. मी गेले तर टायरवाला आडवा आला. काही नाही ताई, साफसफाई. साफसफाईला दार कशाला लावतात?

१ फेब्रुवारी

पुन्हा दार बंद. टायरवाल्याला दुकानात गाठलं. तो डोळ्याला डोळा देईना, वस्तादची शपथ आहे म्हणतो. कसली शपथ?

३ फेब्रुवारी

दवाखान्यात नेऊन आणलं. जखम भरतेय. तो गप्प, पण कसला तरी विचार करत असतो. विचार करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. ह्यापेक्षा रुसलेला बरा होता.

६ फेब्रुवारी

अक्षर बघ, मलाच वाचता येत नाहीये.

दुपारी इंजिनाचा आवाज आला. टायरवाला आज आलेला नव्हता. शेडचं दार बंद, आत गाडी चालू, आणि तो एकटा आत. बंद शेडमधल्या धुराचं काय होतं, ते मला माहीत आहे. मी मशीन, कापड, सगळं टाकून धावले. दारावर लाथा घातल्या. कडी निघाली तशी आत घुसले, धुरात चाचपडत चावी फिरवली, आणि त्याच्या कानाखाली मारली. जन्मात कधी हात उचलला नव्हता त्याच्यावर.

मरायचंय तर आधी मला मार, असं काहीबाही ओरडत होते. तो गाल धरून बघत राहिला. खोकला. मग म्हणाला, "मागची खिडकी उघडी होती, बघ तरी. आणि मरायचं असतं ना ताई, तर त्या दिवशी घाटात गप्प बसलो असतो."

ताई म्हणाला.

त्या खिडकीतून खरंच वारा येत होता. मी जमिनीवर बसून राहिले. दारावर लाथा ऐकून त्यानं गाडीवर घाईनं चादर ओढली होती, ती मी उचलली नाही.

१० फेब्रुवारी

आज डब्यात मी बसले.

चादरीखाली ते होतं! पायाचा गिअर लांब दांडीनं हाताशी आणलाय, मागचा ब्रेकही हातात. टायरवाल्यानं त्याला उचलून सीटवर बसवलं, पाय पट्ट्यांनी बांधले, कमरेला पट्टा. आधी मैदानात फिरवून दाखवली, तेव्हा कुठे मी तयार झाले. म्हणतो, ही गाडी झुकत नाही, पडत नाही, पाय टेकावा लागत नाही, मग पाय नसलेल्यानं का चालवू नये? हे त्याला कधी सुचलं, तर त्या टायरवर हात ठेवून बसला होता तेव्हा. मी समजत होते, तो मला शाप देतोय.

घाट तो चढला. कितीतरी महिन्यांनी मला कुणीतरी कुठेतरी नेत होतं. मी सगळी वाट रडत होते. त्याला वाटलं वारा लागतोय, म्हणाला डब्याची काच वर कर.