जाड कागदावरचा फोटो

येरमाळा, मंगळवार, संध्याकाळ

आज दुकानात आलेल्या आजींचं बोलणं डोक्यातून जात नाही. त्यांचे मालक वारले, जलदानविधीला भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे होता. मोबाइलमध्ये होता फक्त लग्नातला ग्रुप फोटो, त्यात म्हाताऱ्याचं तोंड हरभऱ्याएवढं.

"आजी, एवढा मोठा केला तर फोटो फाटेल," मी म्हणालो. धंद्यातला शब्द, सवयीनं तोंडातून गेला.

"मग जाड कागदावर काढा की."

हसू दाबलं. फोटो ताणला की चौकोन दिसायला लागतात, त्याला आम्ही फाटणं म्हणतो, हे काही समजावत बसलो नाही. दोन प्रिंट काढल्या. एक नुसती मोठी केलेली, धूसर. दुसरी सॉफ्टवेअरनं साफ केलेली, भुवईचा केस न् केस वेगळा. मूळ फोटोत तर भुवया दिसतही नव्हत्या. मग ह्या कुणाच्या? असो. गिऱ्हाइकाला चकचकीत आवडतं.

आजींनी चकचकीत फोटो बाजूला सारला. "ह्ये कोण पाव्हणं?" धूसर मात्र हातभर लांब धरून बघत राहिल्या.

"आजी, तो फाटलाय."

"मोतीबिंदू झाल्यापासून मला ते असेच दिसायचे, बाबा. हेच हायेत."

मी धूसर प्रिंटच गुंडाळायला घेतली.

जाताना त्यांनी फोटोची गुंडाळी पदराखाली धरली. एसटीच्या गर्दीत फाटंल म्हणाल्या.

कागद मी जाडच वापरला होता.