तुम्ही दिलेल्या बंबाची खुशाली

माउंट रॉस्किल, ऑकलंड
१८ मार्च २००७

तीर्थस्वरूप बाळासाहेबमामांच्या चरणी,

हातांना लागलेला कोळसा दोनदा धुऊन (तरी नखांत थोडा उरलाच आहे) नितीशचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मंदामामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, हिरवा चष्मा काढण्याची घाई करू नका, गडहिंग्लजमध्ये महिन्याभरात बघण्यासारखं काही नवीन उभं राहणार नाही. आम्ही दोघं मजेत आहोत. सुलेखाच्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या चालू आहेत आणि मी अजून त्याच दुकानात लोकांच्या भिंतींसाठी रंग मिसळून देतो. पांढऱ्या रंगाचे इथे इतके प्रकार आहेत की संध्याकाळी घरी आल्यावर भातसुद्धा मला नुसता पांढरा दिसत नाही.

तुम्ही दर फोनवर आधी बंबाची चौकशी करता आणि मग आमची. म्हणून आधी तेच सांगतो. बंब ठणठणीत आहे. इतकंच नव्हे, तर तो काल स्पर्धेत उतरला होता. मामा, काल दिवसभर जे घडलं त्यानं मला अजून एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा निम्मं उभ्यानं लिहितोय.

हे सुरू झालं ते आमच्या शेजाऱ्यापासून. हेमी त्याचं नाव, माओरी आहे, सिटी बस चालवतो. त्यांच्याकडे जमिनीत खड्डा खणून, तापलेल्या दगडांवर मटण आणि रताळी ठेवून, वरून ओली पोती आणि माती घालून जेवण शिजवतात, त्याला हांगी म्हणतात. (तुम्ही जत्रेत ज्या निष्ठेनं मटणाच्या हंड्याशेजारी खुर्ची टाकून बसता, त्याच निष्ठेनं हेमी त्या खड्ड्याशेजारी बसतो. तुमची दोघांची भेट झाली तर भाषेवाचून काही अडायचं नाही.) तर या हेमीनं जानेवारीत एक कागद आणून दाखवला. इथून तासाभराच्या अंतरावर एका गावच्या रग्बी क्लबाचं छप्पर गळतं, त्याच्या दुरुस्तीसाठी बार्बेक्यूची स्पर्धा. गॅस चालणार नाही, फक्त लाकूड आणि कोळसा. मांस थेट जाळावर भाजायचं नाही, धुरावर तासन्‌तास मुरवत शिजवायचं आणि ठरल्या वेळी सहा परीक्षकांसाठी सहा तुकडे डब्यात घालून पाठवायचे. मी हे वाचलं आणि माझ्या कानात तुमचा आवाज आला की मटणाला घाई चालत नाही. त्याच क्षणी मी नाव दिलं. सुलेखाला विचारायचं राहिलं.

पुढची अडचण यंत्राची. या कामासाठी लोखंडी स्मोकर मिळतात, पण चांगल्यातला एक घ्यायचा तर आमची गाडी विकून वर भर घालावी लागली असती, आणि मग तो स्पर्धेला न्यायचा कशातून? घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेत. सुलेखानं बजेट ठरवून दिलं ते असं, की आपल्याकडे बोहारणीला जुने कपडे देऊन भांडं घेतात, त्या पद्धतीनं काय जमेल ते जमव, पाकिटाला हात लावू नकोस. मी आणि हेमी हॉलमध्ये विचार करत बसलो होतो. आणि हेमीची नजर कोपऱ्यात गेली.

कोपऱ्यात तुमचा बंब होता. मामा, आजवर फोनवर मी सांगत आलो की बंब छान आहे, पण तो काय करतो हे कधी सांगितलं नाही. तो काहीच करत नव्हता. इथे भिंतीतल्या नळाला गरम पाणी येतं. तुम्ही आम्हाला थंडीचा त्रास होईल म्हणून तो दिलात, बोटीवर चढवायच्या आदल्या दिवशी अंगणात बसून स्वतः चिंचेनं घासलात, आणि तो इथे आल्यावर (बंदरावरच्या तपासनिसानं आतली चिमूटभर राख बघून अर्धा तास प्रश्न विचारले) सुलेखानं त्याच्या नळकांड्यात प्लास्टिकची सूर्यफुलं खोचली. मला त्याचं वाईट वाटायचं. पुण्याहून आलेले पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि तो बिचारा निवृत्त माणसासारखा उभा असे. हेमीला मी समजावलं की मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, बाजूला तोटी. त्यानं बंबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, सूर्यफुलं उपटली, आत डोकावला आणि म्हणाला, "ब्रो, धिस इज अ फायरबॉक्स."

उरलेलं सामान रस्त्यावर मिळालं. खरोखरच रस्त्यावर. इथे वर्षातून एकदा लोक घरातल्या नकोशा जड वस्तू दारासमोरच्या गवतावर मांडून ठेवतात आणि नगरपालिकेची गाडी येण्याआधी बाकीचे लोक त्यातलं हवं ते उचलतात. (चांगल्या घरची माणसंही उचलतात. फक्त गाडीतून उतरताना आधी इकडेतिकडे बघतात.) आम्हाला एका वॉशिंग मशिनचं स्टीलचं पिंप मिळालं, ओव्हनची जाळी मिळाली आणि लोखंडी खाटेचा सांगाडा मिळाला. खाटेची उंच तिवई केली, तिवईवर पिंप, पिंपाच्या बुडाला भोक, आणि खाली तुमचा बंब असा की त्याच्या नळकांड्यातला धूर सरळ वर पिंपात. पिंपाला भोकं असतात, तिथून धूर निसटू नये म्हणून हेमीनं त्याची हांगीची ओली पोती गुंडाळली. मानुका नावाच्या इथल्या झाडाची लाकडं मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यानं झाड छाटलं त्याची, फुकट. मसाला मामींचा कांदा-लसूण. बंबाला एकही छिद्र पाडलं नाही हे मुद्दाम लिहितो.

सरावासाठी सँडरिंगहॅमच्या खाटकाकडून मानेचं स्वस्तातलं मटण आणायचो. पहिल्या खेपेला ते चपलेच्या तळव्यासारखं झालं, दुसऱ्या खेपेला वरून चप्पल आणि आतून कच्चं. पण वास, मामा, वास असा सुटायचा की कुंपणावर माणसं उभी राहायची. तोच वास नडला. मागच्या दारी सुलेखाचा युनिफॉर्म वाळत होता. ती तो घालून वॉर्डात गेली, आणि ज्यांना ऑपरेशनआधी उपाशी ठेवलं होतं असे एक आजोबा तिला पुन्हा पुन्हा विचारू लागले की आज जेवायला लॅम्ब आहे ना. त्यांनी म्हणे दोन नर्सेसकडे तक्रारही केली की ही बाई जेवण लपवून ठेवते. सुलेखा घरी आली ती चपला न काढताच मागच्या दारी आली. तिनं सांगितलं की ही एक स्पर्धा कर. नंबर आला तर पुढचं बघू. नाही आला तर बंब चिंचेनं घासून हॉलमध्ये, पिंप परत रस्त्यावर, आणि हा विषय या घरातून कायमचा बंद. तिनं आवाज चढवला नाही. त्यामुळे मी जास्त घाबरलो. मला ते सगळं जाऊ द्यायचं नव्हतं, मामा. या देशात आल्यापासून दिवसभर मी दुसऱ्यांच्या घराचे रंग मिसळतो. हे एक माझं होतं.

तर काल. पहाटे पोचलो तर मैदानावर भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. बाकीच्या टीम्स ट्रेलरवरून रणगाडे घेऊन आलेल्या, सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. आमचा तांब्याचा बंब, खाटेचे पाय आणि पोती गुंडाळलेलं पिंप बघून आधी सगळे हसले, मग फोटो काढले. लॅम्बचा खांदा पिंपात ठेवला, जाळ धरला, हेमी तापमानाचा काटा बघून म्हणाला, "स्वीट ॲज" (इथल्या बोलीत झकास). सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात क्लबाच्या स्वयंपाकघरातली वीज गेली आणि मैदानावरच्या साऱ्या लोकांचा सकाळचा चहा बंद पडला. हेमीनं (त्याचा स्वभाव फार चांगला आहे, तेच त्याचं चुकतं) ओरडून सांगितलं की आमच्याकडे उकळतं पाणी आहे.

मामा, आता तुम्हीच सांगा. थंडीत कुडकुडणारा माणूस कप घेऊन दारात उभा आहे आणि आपण त्याला नाही म्हणायचं? ते माझ्याच्यानं होईना. नुसतं गरम पाणी देणंही बरं दिसेना, म्हणून मी आलं ठेचून दुधाचा चहा करायला घेतला. ते कळल्यावर रांग लागली. आणि तुमच्या घरात वाढलेला माणूस मी. बंबातून जेवढं काढाल तेवढं घाला, कोरड्या बंबाला जाळ नाही, हे तुम्ही न्हाणीघराच्या दाराबाहेर उभं राहून आम्हा भाच्यांना वर्षानुवर्षं ओरडून सांगितलेलं. एक तांब्या उकळतं पाणी काढलं की हात आपोआप बादलीत जाई आणि एक तांब्या गार पाणी वर पडे. काढ, घाल, काढ, घाल. हेमी काट्याकडे बघून म्हणे की तापमान का चढत नाही, आणि मी म्हणे की लाकूड ओलं असेल. निम्म्या मैदानाचा चहा झाला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की मी मटण शिजवत नव्हतो, सकाळपासून नुसता बंब विझवत होतो. आजूबाजूच्या टीम्सचं मांस हाडावरून सुटायला लागलं होतं. आमचं हाडाला घट्ट मिठी मारून बसलं होतं.

तेवढ्यात सुलेखा आली. रात्रपाळी संपवून, युनिफॉर्मवरच, गाडी चालवत थेट. येईल असं ती म्हणाली नव्हती. चेहरा पांढरा पडला होता (मी दुकानात विकतो त्यातला कुठला पांढरा ते सांगू शकेन), बोटं गारठलेली. मला वाटलं आता काही बोलेल. तिनं तोटी सोडली, गरम पाण्याखाली हात धरले, मग तोंड धुतलं, आणि बराच वेळ तशीच वाफेत उभी राहिली. मग म्हणाली की एवढ्या वर्षांत याचं गरम पाणी पहिल्यांदाच हाताला लागतंय, आजोळची आठवण झाली. आणि मग विचारलं, मटण कुठवर आलंय? मी काटा टोचून दाखवला. काटा आत गेला आणि बाहेर येईना. तिनं घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात गार पाण्याची बादली होती.

यानंतरचा तासभर धूर फार झाल्यामुळे मला नीट दिसलं नाही. एवढंच सांगतो की तापमान चढलं, आणि असं चढलं की हेमी नाचायला लागला. मुदत संपायच्या जरा आधी खांद्याचं हाड मी दोन बोटांनी ओढलं आणि ते अलगद हातात आलं. मामा, मला रडू आलं. धुरानं म्हणा. सहा तुकडे डब्यात लावले, पाहुण्यांपुढे ताट कोरडं बरं दिसत नाही म्हणून भोवती कांद्याच्या चकत्या आणि लिंबाची फोड ठेवली. नियमाप्रमाणे फक्त हिरवं पान चालतं, म्हणून सुलेखानं ती सजावट डब्यातून काढून खाऊन टाकली. डबा वेळेत पोचला. आणि लॅम्बच्या विभागात आमचा तिसरा नंबर आला. माईकवर आमच्या टीमचं नाव घेताना त्या माणसाची जीभ अडखळली, कारण हेमीनं फॉर्मवर नाव 'बाळासाहेब' असं दिलं होतं. रिबन मिळाली, कोळशाचं पोतं मिळालं, आणि चहा प्यालेली सगळी माणसं अशी ओरडली की पहिल्या नंबरवाल्यांना वाईट वाटलं असेल.

सुलेखानं ठरल्याप्रमाणे शब्द पाळला आहे. पिंप रस्त्यावर जाणार नाही. रिबन तुमच्या फोटोच्या चौकटीला बांधली आहे (हार नाही, रिबनच, गैरसमज नसावा). मामींना नमस्कार, त्यांचा मसाला परीक्षकांना ठसका लावून गेला हे त्यांना जरूर सांगा. बंबाची काळजी करू नये.

तुमच्या नावानं जिंकलेला भाचा,
नितीश

ता. क. : मामी मागे फोनवर म्हणाल्या की तुमच्या गच्चीवर सोलर बसलं. म्हणजे न्हाणीघरातला मोठा बंब आता रिकामाच असणार. रिकामा बंब घरात उगीच जागा अडवतो. सुलेखाचा भाऊ सुशांत मे महिन्यात इकडे येतोय, त्याच्याकडे कपडे फार नसतात.

ता. क. दुसरा : लॅम्बच्या विभागात टीम्स चार होत्या. त्यातल्या एकीचा डबा उशिरा पोचल्यामुळे बाद झाला. तरी तिसरा तो तिसराच.

ता. क. तिसरा : बंब ठणठणीत आहे असं वर लिहिलं ते खरं आहे. फक्त त्यात पाणी राहत नाही. बुडाजवळच्या सांध्याचा डाक वितळून गेला आहे. कोरड्या बंबाला जाळ नाही हे मला पाठ होतं, मामा, आणि मी पाणी घालणारच होतो. बादली माझ्या हातातून कुणीतरी काढून घेतली. नाव लिहीत नाही, मला याच घरात राहायचं आहे.

मामा, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. बादली मी काढून घेतली. तो हरला असता तर मला बघवलं नसतं. मोठा बंब नक्की पाठवा, पुढच्या वर्षी चहा मी करणार आहे. — सुलेखा